धुण्याची लाज, फेकण्याचा डौल

मे महिना आला की वसईच्या गावागावांत मांडव पडतात. उपवासकाळ मागे सरलेला असतो, मुलांना सुट्ट्या लागलेल्या असतात, परगावी आणि परदेशी गेलेले नातलग घरी परतलेले असतात. एकीकडे आगोटीची बेगमी, दुसरीकडे लग्ने, स्नानसंस्कार, नव्या घरांचे आशीर्वाद. हे आनंदाचे दिवस आहेत आणि ते आनंदानेच साजरे व्हावेत. मात्र अशा कोणत्याही समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवाच्या पुढच्या बाजूची फुलांची कमान पाहण्याऐवजी जरा मागच्या बाजूला जावे. तेथे अर्धवट खाल्लेल्या अन्नाला चिकटलेली कागदी ताटे, चुरगळलेले पेले, भातात माखलेले कागदी रुमाल आणि चांदीसारखा चकाकणारा वर्ख यांचा कमरेएवढा ढीग पडलेला दिसतो. कावळे आणि कुत्री त्याची वाटणी करीत असतात. वाऱ्याने उडालेला भाग शेजारच्या विहिरीत गेलेला असतो. उरलेल्याला दुपारपर्यंत कोणीतरी काडी लावतो.

आमच्या घरांत गेल्या काही वर्षांत एक नवी प्रतिष्ठा शिरली आहे. ज्या घरात पाहुण्याला धुतलेल्या ताटात वाढतात, ते घर जुनाट; ज्या घरात जेवण झाले की सारे गोळा करून पिशवीत कोंबतात, ते घर सुधारलेले. पूर्वी स्वयंपाकघरातल्या खुंटीवर फडके असे. आता त्या जागी कागदाची गुंडाळी आली आहे. ओटा पुसायला कागद, हात पुसायला कागद, तळलेले निथळायला कागद, सांडलेले टिपायला कागद. वापरा, फेका आणि विसरा, असा हा त्रिसूत्री संसार आहे. त्याच्याविरुद्ध मला स्पष्टपणे बोलायचे आहे. धुण्याची आम्हांला लाज वाटू लागली आहे आणि फेकण्यात आम्ही डौल मानू लागलो आहोत. ख्रिस्ती कुटुंबाला हे शोभत नाही.

'धर्मगुरूने चूल आणि मोरी यांत कशाला डोकवावे?' असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर मी पुढे देणार आहे. तूर्त इतकेच सांगतो, की दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा म्हटले. घर ही ख्रिस्तसभा असेल, तर तिच्या मेजावर काय मांडले जाते आणि मेजाखालून काय बाहेर टाकले जाते, हा श्रद्धेच्याच कक्षेतील विषय आहे.

कागद खरोखर निष्पाप आहे का?

प्लास्टिकविषयी आता कोणाला समजवावे लागत नाही. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताट-वाट्या-पेल्यांवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून केंद्र शासनाने एकदाच वापरावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आणली. या बंदीतून आम्ही कोणता धडा घेतला? फेकण्याची सवय सोडावी, हा धडा आम्ही घेतला नाही. आम्ही फक्त फेकण्याची वस्तू बदलली. 'फादर, आम्ही आता प्लास्टिक वापरीत नाही, सगळे कागदाचे आणतो,' असे मला मोठ्या समाधानाने सांगितले जाते.

हे समाधान फसवे आहे. साधा कागद पाण्यात विरघळतो. मग कागदाच्या पेल्यात गरम चहा टिकतो कसा? पेल्याच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा पातळ थर असतो म्हणून. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये आपला अभ्यास जाहीर केला. त्यात त्यांना असे आढळले, की ८५ ते ९० अंश तापमानाचे १०० मिलिलिटर पाणी अशा पेल्यात १५ मिनिटे ठेवले, तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. म्हणजे पाहुण्याला आपण चहाबरोबर काय पाजतो, हे आपल्यालाच ठाऊक नसते. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२२ मध्ये प्लास्टिकचा लेप दिलेली कागदी ताटे आणि पेलेही बंदीच्या यादीत घातले. कायदा आहे, पाळणारे थोडे आहेत.

वर्तमानपत्राच्या कागदाचीही तीच गत. वडे-भजी वर्तमानपत्रावर निथळत ठेवण्याची सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे. छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये गरम तेलाबरोबर अन्नात जातात, असा इशारा अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाने २०१६ मध्येच दिला होता. तळणीतून काढलेला वडा झाऱ्यावर क्षणभर धरला आणि जाळीवर ठेवला, तर तेल खालच्या भांड्यात निथळते. ते तेल पुन्हा फोडणीला येते. कागदाने प्यायलेले तेल मात्र कागदाबरोबर कचऱ्यात जाते. आमच्या आजीला हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

आणि रद्दीचा कागद पुन्हा कारखान्यात जातो, त्याचा नवा कागद होतो, हे खरे असले तरी तेला-कालवणाने माखलेल्या ताटाला आणि नाक पुसलेल्या रुमालाला तो मार्ग बंद असतो. त्यांचा प्रवास एकाच दिशेने होतो. वसईत ती दिशा म्हणजे गोखिवऱ्याची कचराभूमी. तेथे लागलेल्या आगींच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तिच्या आसपास राहणाऱ्या गरिबांनी तो धूर श्वासातून घेतला आहे. आपल्या मेजवानीची किंमत आपण न पाहिलेली माणसे मोजीत असतात.

किनाऱ्यावरचा विस्तव

उन्हाळ्याच्या सुटीत आणखी एक प्रकार अलीकडे रूढ होत आहे. संध्याकाळी वाडीत चारचौघे जमतात, लोखंडी शेगडी मांडतात, कोळसा पेटवतात आणि मासळी किंवा कोंबडी भाजतात. त्याला 'बार्बेक्यू' असे भारदस्त नाव दिले जाते. माझा या बेताला मुळीच विरोध नाही. उलट, मे महिन्याच्या उकाड्यात पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात घरच्या बाईने एकटीने घामाघूम होण्यापेक्षा सर्वांनी मोकळ्या हवेत मिळून रांधावे, हे केव्हाही चांगले.

पण ही कला आपण परक्यांकडून शिकलो, असे मात्र कोणी समजू नये. निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील आणि भाकरी हे आपल्या कष्टकऱ्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जेवण आहे. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर येथील कोळीवाड्यांत बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकू लागले, की त्यांतले दोन निखाऱ्यावर टाकायला कोणाला आमंत्रण लागत नसे. करवंट्यांचा विस्तव करावा, ज्वाळा पूर्ण विझू द्यावी, निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय धरू द्यावी आणि मगच मासळी ठेवावी, हा त्यातला सारा विवेक. ज्वाळेवर ठेवलेली मासळी बाहेरून करपते आणि आतून कच्ची राहते. तिचे तेल आगीत ठिबकून जो काळा धूर उठतो, तो घातक असतो. मीठ-मसाला लावलेला पापलेट केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर ठेवला, की पान करपते आणि मासळी स्वतःच्याच रसात शिजते.

आता हीच मेजवानी आजच्या रीतीने कशी होते पाहा. मासळी गुंडाळतात ॲल्युमिनियमच्या वर्खात. लिंबू, चिंच आणि मीठ लागले, की त्या वर्खातील धातू अन्नात उतरतो. वाढतात लेप दिलेल्या कागदी ताटात. हात पुसतात ओल्या कागदी रुमालांनी, ज्यांच्या धाग्यांत पुष्कळदा प्लास्टिकच असते. आणि सगळ्यात शेवटी, निखारे अजून जिवंत असताना, ही सारी ताटे, पेले आणि पिशव्या त्याच शेगडीत टाकतात. ज्या विस्तवाने घास दिला, त्याच विस्तवात आपण विष जाळतो आणि त्याचा धूर अंगणात खेळणाऱ्या आपल्याच लेकरांच्या छातीत जातो. हे सर्व कोठे घडते? तर केळीच्या वाडीत! ज्या भूमीत हात लांब केला की ताटाएवढे पान मिळते, त्या भूमीत आपण दुकानातून कागदाचे ताट विकत आणतो. याला सुधारणा म्हणावे की दारिद्र्य?

येथे मला योहानलिखित शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय आठवतो. रात्रभर जाळी टाकून रित्या हाताने परतणाऱ्या शिष्यांना पुनरुत्थित प्रभू तिबिर्याच्या किनाऱ्यावर भेटतो. ते किनाऱ्याला लागतात तेव्हा त्यांना काय दिसते? कोळशाचा विस्तव, त्यावर ठेवलेली मासळी आणि भाकर. मृत्यूवर विजय मिळविलेल्या विश्वाच्या प्रभूने थकलेल्या कोळ्यांसाठी स्वतः विस्तव केला, स्वतः मासळी भाजली, स्वतः वाढली. धर्मगुरूने चुलीविषयी का बोलावे, याचे उत्तर मी याच किनाऱ्यावरून देतो. ज्या धर्माचा संस्थापक मरणातून उठल्यावर आपल्या माणसांसाठी न्याहारी रांधतो, त्या धर्माला स्वयंपाकघर परके नाही.

याच शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांच्या जेवणानंतर प्रभू उरलेले तुकडे गोळा करायला लावतो, काहीही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरतात. भाकरींचा चमत्कार करू शकणाऱ्याला उरल्यासुरल्याची काय पडली होती? पण तो फेकत नाही. आपण चमत्कार करू शकत नाही, तरी बारा टोपल्या फेकून देतो.

'पण धुणार कोण?'

आता मी त्या प्रश्नाकडे येतो, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. कागदाविरुद्ध बोलताच घरातील गृहिणी मला विचारते, 'फादर, बोलणे सोपे आहे, पण ही सगळी भांडी आणि फडकी धुणार कोण?' तिचा प्रश्न शंभर टक्के रास्त आहे. त्याला बगल देऊन जो कोणी पर्यावरणाच्या गोष्टी सांगतो, तो ढोंगी आहे.

खरी कहाणी अशी आहे. पूर्वी घरी कार्य असले, की पुरुष मांडवात पंगतीला बसत आणि बाया विहिरीकाठी खरकट्यांच्या राशीसमोर उकिडव्या बसत. पहिली पंगत पुरुषांची, शेवटची बायांची आणि त्यानंतरचे धुणे पुन्हा बायांचे. ज्यांच्या घरी चार पैसे होते, त्यांनी हे काम डोंगरपट्टीतून येणाऱ्या आदिवासी भगिनींवर लोटले आणि हातावर किती ठेवले, ते ज्याचे त्याला ठाऊक. जेव्हा बाजारात फेकून द्यायची ताटे आली, तेव्हा त्या राबणाऱ्या बाईने सुटकेचा निःश्वास टाकला. तिला दोष देण्याचे पाप मी करणार नाही. पाठीचा काटा ढिला झालेल्या माउलीला कागदी ताट म्हणजे मुक्तिदाता वाटला, यात नवल ते काय?

पण जरा खोल जाऊन पाहू या. कागदी ताटाने घरातील अन्याय दूर केला नाही. तो फक्त झाकला. पुरुषाने कधीच हात ओले केले नव्हते आणि कागद आल्यावर तर ते ओले करण्याचे कारणच उरले नाही. बाईचे ओझे त्याने स्वतः उचलले असते, तर घरात न्याय आला असता. त्याऐवजी त्याने खिशातून पैसे काढले आणि ते ओझे झाडांवर, विहिरींवर, कचराभूमीशेजारच्या झोपडीवर आणि पुढच्या पिढीवर ढकलले. घरातील आईऐवजी आपण आता धरणीमातेला राबवतो आहोत. एका बाईच्या पाठीवरचा बोजा दुसऱ्या गरिबाच्या पाठीवर ठेवणे, याला न्याय म्हणत नाहीत.

म्हणून मी असे म्हणत नाही, की कागद टाका आणि बायांनो, पुन्हा मोरीवर बसा. तसे सांगणारा हा लेख नव्हे आणि तसा अर्थ कोणी काढला, तर त्याने तो स्वतःच्या सोयीने काढला, असे समजावे. मी म्हणतो, पुरुषांनो, मोरीवर या. मुलांनो, तुम्हीही या. जेवणारा प्रत्येक हात धुणारा हात झाला पाहिजे. हे होत नाही, तोवर कागदाविना घर ही घोषणा म्हणजे गृहिणीविरुद्ध केलेला आणखी एक ठराव ठरेल.

भांडी घासणे पुरुषाला कमीपणाचे वाटते काय? मग पवित्र गुरुवारी आपण कशाचे स्मरण करतो? प्रभूने कमरेला टॉवेल बांधला, घंगाळात पाणी ओतले आणि आपल्या शिष्यांचे धुळीने भरलेले पाय धुतले, पुसले. पेत्राला त्याची लाज वाटली, प्रभूला नाही. आमच्या प्रत्येक चर्चमध्ये दर वर्षी तो विधी होतो आणि बारा जण संकोचून पाय पुढे करतात. त्या बाराजणांनी घरी जाऊन त्याच रात्री ताटे घासली असती, तर विधी पूर्ण झाला असता.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तीत स्वयंपाकघरावर एक स्वतंत्र अध्याय आहे. सर्व बंधूंनी पाळीपाळीने स्वयंपाकघरात सेवा करावी. आजारपणासारखे खरे कारण असल्यावाचून कोणाला सूट नाही. आठवड्याची पाळी संपेल त्याने शनिवारी सर्वांचे हात-पाय पुसायचे टॉवेल धुवावेत आणि भांडी स्वच्छ व धडधाकट स्थितीत परत करावीत, असा त्याचा आशय आहे. आणखी एका अध्यायात मठाच्या कोठाराचा कारभारी कसा असावा, हे सांगताना संत बेनेडिक्ट म्हणतो, की त्याने मठातील साऱ्या भांड्याकुंड्यांकडे वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे पाहावे. युरोपच्या संस्कृतीची पायाभरणी करणाऱ्या मठांत पुरुष भांडी घाशीत होते, फडकी धूत होते. त्यांचा पुरुषार्थ त्यामुळे उणावला नाही.

वेदीकडेच पाहा. पवित्र मिस्सेत धर्मगुरू चषक कशाने पुसतो? तागाच्या छोट्या शुभ्र वस्त्राने. ते वस्त्र फेकले जात नाही. ते धुतले जाते आणि त्याचे पहिले पाणी गटारात न सोडता मातीत ओतले जाते. दोन हजार वर्षांच्या परंपरेत कागदाचे रुमाल स्वस्त झाले म्हणून ख्रिस्तसभेने वेदीवर कागद आणला नाही. का? कारण जे आपण धुतो, ते आपण जपतो. आणि जे जपतो, त्याचे मोल आपल्याला कळते. घरातले जेवणाचे मेज ही कुटुंबाची वेदी असेल, तर वेदीचा नियम तिलाही लागू नको का?

कागदाविना घर कसे लावावे

टीका पुष्कळ झाली. आता करणीचे बोलू. जुन्या सुती साड्या, धोतरे, झिजलेल्या चादरी यांतून हातभर लांबीची तीस-चाळीस फडकी सहज निघतात. त्यांच्या कडा शिवाव्यात आणि तीन वाटण्या कराव्यात. मेजावरची वेगळी, ओट्याची वेगळी, जमिनीची वेगळी. मेजावरच्या फडक्यांना घरातील प्रत्येकासाठी निराळ्या रंगाचा टाका घालावा, म्हणजे ज्याचे त्याला ओळखू येते आणि दोन दिवस वापरता येते. ओट्याजवळ दोन डबे ठेवावेत, एकात धुतलेली, दुसऱ्यात मळलेली. आठवड्यातून एकदा मळलेली फडकी धुण्याचा सोडा घालून उकळावीत आणि कडक उन्हात वाळवावीत. इतकी व्यवस्था लागली, की कागदाची गुंडाळी आपोआप घराबाहेर पडते.

थोडा हिशेबही करावा. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाने दिवसाला कागदाचे चार तुकडे वापरले, तर वर्षाचे ७,३०० होतात. चाळीस फडकी जे काम करतात, त्याच्यासाठी आपण सात हजार तीनशे वेळा पैसे मोजतो.

भांड्यांसाठी राख आणि नारळाचे सोडण ही आपली जुनी जोडी अजून निवृत्त झालेली नाही. लाकडाच्या राखेत क्षार असतात. ते चिकट तेलाशी मिळून साबणासारखे काम करतात. म्हणजे ज्या शेगडीवर मासळी भाजली, तिचीच राख दुसऱ्या दिवशी ताटे उजळते. मात्र ती शुद्ध लाकडाची किंवा करवंट्यांची राख असावी. रॉकेल ओतून पेटविलेल्या किंवा कचरा जाळलेल्या विस्तवाची राख भांड्याला लावू नये.

कोणी म्हणेल, मे महिन्यात विहिरी तळ गाठतात, तेव्हा धुवायला पाणी कोठून आणावे? आक्षेप गंभीर आहे. वसईने पाण्यासाठी लढे दिले आहेत. हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी ज्यासाठी रस्त्यावर उतरले, त्यात आपल्या भूगर्भातील पाण्याचाही प्रश्न होता. म्हणून पाणी जपूनच वापरले पाहिजे. नळ सोडून त्याखाली ताट धरणे, हा धुण्याचा प्रकार नव्हे, उधळपट्टी आहे. आधी खरकटे निपटून काढावे, मग राखेने घासावे, मग ओळीने ठेवलेल्या तीन घमेल्यांत एकामागून एक बुडवून काढावे. पहिल्या घमेल्याचे पाणी गढूळ झाले की ते केळीच्या मुळाशी ओतावे आणि दुसरे पुढे सरकवावे. शिवाय कागदही काही कोरड्या जागी तयार होत नाही; त्याचा लगदा करायला कोणत्या तरी नदीचे पाणी लागते. ते आपल्या विहिरीतले नसते, एवढेच.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. २०२० च्या महामारीत भीतीपोटी आपण सर्वांनी एकदाच वापरायच्या वस्तू जवळ केल्या. तो काळ गेला, सवय राहिली. साबण, उकळते पाणी आणि वैशाखातले ऊन यांपुढे फारसे जंतू तग धरीत नाहीत. उलट, गोदामात महिनोन्‌महिने पडून राहिलेले कागदी ताट किती हातांतून आणि किती धुळीतून आपल्यापर्यंत आले, हे आपण विचारीतही नाही.

तिसरा आक्षेप असा, की आता उसाच्या चोयट्यांची 'पर्यावरणस्नेही' ताटे मिळतात, ती वापरली तर झाले. प्लास्टिकच्या लेपापेक्षा ती बरी, हे मान्य. पण तीही फेकायचीच. धुणे खरोखर अशक्य असेल, तेथे केळीचे पान किंवा पळसाच्या पानांची पत्रावळ वापरावी. त्या पत्रावळी आदिवासी भगिनींकडून योग्य दाम देऊन घ्याव्यात. जेवण झाले, की पान गुरांपुढे किंवा खतात जाते आणि पैसा गरिबाच्या घरात राहतो.

एक खुलासाही करतो. घर कागदाविना असावे, म्हणजे पुस्तकाविना असावे, असा अर्थ कोणी करू नये. पवित्र शास्त्र, मुलांची पुस्तके, हे त्रैमासिक, सातबाराचा उतारा, स्नानसंस्काराचा दाखला हे सारे कागद जतन करण्यासाठीच आहेत. ते ट्रंकेत नीट लावून ठेवावेत. वाण्याच्या यादीसाठी मात्र भिंतीवरची पाटी पुरते, आणि दुधाच्या हिशेबाला दिनदर्शिकेतील चौकोन आहेतच. जो कागद आठवण ठेवतो तो घरात असावा. जो फेकण्यासाठीच जन्माला येतो तो नसावा.

गावाने आणि धर्मग्रामाने काय करावे

घरे सुधारली आणि चर्चचे आवार तसेच राहिले, तर उपयोग नाही. धर्मग्रामाच्या सणाला सहाशे माणसे जेवली आणि प्रत्येकाला ताट, वाटी, पेला, चमचा व रुमाल मिळाला, तर एका जेवणात तीन हजार वस्तू कचऱ्यात जातात. प्रवचनात सृष्टीवर प्रेम करा म्हणायचे आणि आवारात तीन हजार वस्तूंचा ढीग घालायचा, हे आम्हां धर्मगुरूंनाच शोभत नाही. केटरर ती ताटे आणतो, ही सबब चालणार नाही. आपण मागतो तेच तो आणतो; धुऊन वापरायच्या ताटांची अट आधी घातली, तर तीही तो आणील.

आपल्या अनेक गावांत पूर्वी कार्यासाठी गावाची सामाईक भांडी असत. टोप, पराती, तपेली मोजून न्यायची आणि मोजून परत करायची, हा शिरस्ता होता. तो पुन्हा सुरू करावा. प्रत्येक धर्मग्रामाने स्टीलची ताटे, वाट्या आणि पेले यांचा संच घ्यावा. लग्नात भेटवस्तू देण्याऐवजी कोणी पन्नास ताटे या संचाला दिली, तर ती अनेक लग्ने जेवू घालतील. आणि या संचाबरोबर धुणाऱ्यांची यादी असावी. त्या यादीत पहिली नावे पुरुषांची आणि युवकांची असावीत, आणि सर्वांत वर धर्मगुरूचे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. 'फेकून देण्याच्या संस्कृती'चा समाचार घेताना त्यांनी दाखला दिला तो कागदाचाच : जगात तयार होणाऱ्या कागदाचा बहुतांश पुन्हा वापरात न येता फेकला जातो. त्याच पत्राच्या २११ व्या परिच्छेदात त्यांनी रोजच्या साध्या कृतींची यादी दिली आहे. प्लास्टिक आणि कागदाचा वापर टाळणे, पाणी जपणे, कचरा वेगळा करणे, खाल्ले जाईल तेवढेच रांधणे. विश्वपत्रात स्वयंपाकघराला जागा मिळाली, ती उगाच नाही. वस्तू फेकण्याची चटक लागलेला माणूस एक दिवस निरुपयोगी वाटणारी माणसेही फेकू लागतो, हे त्यांनी ओळखले होते. वृद्ध आईबापांना अडगळ मानणारी घरे आपल्या धर्मग्रामांत नाहीत, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणू शकेल? ज्या मुलाने लहानपणी आपले ताट घासले, आजीची वाटी विसळली, आजारी आजोबांचे फडके धुतले, त्याला सेवा म्हणजे काय हे प्रवचनातून वेगळे सांगावे लागत नाही. ज्याने सारे पिशवीत कोंबून बाहेर ठेवले, त्याला आपण पुढे कोणत्या तोंडाने सांगणार, की मला सांभाळ?

तेव्हा, प्रिय बंधुभगिनींनो, या मे महिन्यात मांडव जरूर घाला. वाडीत विस्तव करा, मासळी भाजा, गाणी म्हणा. पण केळीची पाने तोडून आणा, फडकी खुंटीवर लावा, तीन घमेली ओळीने मांडा, आणि जेवण आटोपल्यावर घरच्या कर्त्या पुरुषाने सर्वांदेखत बाह्या वर सरकवून पहिले ताट उचलावे. दुसरे ताट त्याचा मुलगा उचलील. ज्या बाईने आजवर सगळ्यांचे धुतले, तिला त्या संध्याकाळी खुर्चीवर बसू द्या.